जपानची दुभाषी

तुताय दिसायला बरी नाही, हे मी आधीच सांगून टाकते. तिचं तोंड रंगवायला मी स्वतः दोन दोन तास घासले आहेत, तेव्हा हे बोलायचा हक्क माझा आहे. खांदे हमालाचे, गुडघे बोकडाचे, आणि हसली की आधी वरच्या हिरड्या स्टेजवर येतात, मागाहून ती. पण आमच्या वस्तीच्या यंदाच्या 'मिस गे कुलासी' सौंदर्यस्पर्धेत तुतायला पहिलं यायचंच होतं, कारण पहिलं बक्षीस होतं वीस पत्रे. छपराचे, नालीदार, कोरे करकरीत.

तुतायच्या घराला छप्पर नव्हतं. नोव्हेंबरातल्या वादळानं ते उचललं आणि कुठं नेऊन टाकलं ते समुद्रालाच ठाऊक. तेव्हापासून ती आणि तिची म्हातारी आई निळ्या ताडपत्रीखाली राहत होत्या. ताडपत्री उन्हानं चिरत चालली होती, म्हातारीचा खोकला वाढत चालला होता, आणि मे अर्धा सरला होता. जूनमध्ये एकदा झड लागली की त्या घरात म्हातारी निभणार नाही, हे सगळ्या वस्तीला कळत होतं.

आता हे बक्षिसाचे पत्रे कुठले, ते ऐका. वादळानंतर सरकारनं कुलासीसाठी पत्रे पाठवले. फुकट. ज्याचं छप्पर गेलं त्याला वीस. ट्रकमधून उतरताना आम्ही सगळ्यांनी ते डोळ्यांनी पाहिले, आणि मग ते कपितानाच्या भातगिरणीत जाऊन बसले. कपितान देन्सियो म्हणजे आमच्या वस्तीचा निवडून दिलेला मुख्य. गिरणी खरं तर त्याच्या सासऱ्याची, हा आपला घरजावई. पण मिशीला पीळ असा, की गिरणीतला तांदूळ ह्यानंच पेरला. "यादी तयार होतेय," असं तो सहा महिने सांगत होता. यादी होतेय, होतेय, आणि मग ऑक्टोबरची निवडणूक दिसायला लागल्यावर एकेक पत्रा बाहेर पडायला लागला. कोंबड्यांच्या झुंजीत बक्षीस पत्रा. बास्केटबॉलमध्ये बक्षीस पत्रा. कुणाच्या बाळाचा बाप्तिस्मा, आहेर पत्रा. प्रत्येकावर कपितानाचा हसरा फोटो चिकटवलेला. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवावं ते ह्या माणसानं.

"म्हणजे मम्मी, आपलंच छप्पर आपण उंच टाचा घालून, कंबर हलवून मिळवायचं?" तुताय म्हणाली.

"हो. का? लाज वाटते?"

"लाज आणि मला? टाचा कितीच्या आहेत तेवढं बोल."

मम्मी म्हणजे मी. नाव तेओपिस्तो, पण ते फक्त मतदार यादीत. बाकी सगळ्यांना ओपिंग. बाजारगल्लीत माझं पार्लर आहे आणि वस्तीतल्या झाडून साऱ्या बेकी, म्हणजे पुरुषाच्या अंगात जन्मून बाई म्हणून वावरणाऱ्या आमच्यासारख्या, तिथंच लहानाच्या मोठ्या झाल्या. कुलासीतली पहिली स्पर्धा माझ्या गुरूनं, म्हाताऱ्या मामेंगनं भरवली होती, मासे उतरवायच्या धक्क्यावर. चर्चचे पडदे धुवायला आमच्याकडे आले होते, त्यांचेच गाऊन शिवले. दुसऱ्या रविवारी पाद्रीबाबांनी पडदे बघितले तर त्यांना गळे होते. त्या काळी लोक आम्हाला माशांची डोकी फेकून मारायचे. आता टाळ्या मारतात. फरक फक्त वासाचा आहे, असं मामेंग मरेपर्यंत म्हणायची.

आमच्या स्पर्धेत जी ती एकेक देश होते. कुलासीच्या बाहेर पाऊल न टाकलेल्या पोरी, पण पट्टा अंगावर चढला की कुणी ब्राझील, कुणी फ्रान्स. सगळ्यात मारामारी व्हेनेझुएलासाठी, कारण व्हेनेझुएला जिंकते असा समज आहे. एका वर्षी दोन व्हेनेझुएला झाल्या आणि स्टेजमागं एकमेकींच्या झिंज्या उपटून दोघींच्या विगांचा मिळून एक विग उरला. यंदा व्हेनेझुएला होती जोमारी, कपितानाचा सख्खा पुतण्या. तेव्हा निकाल आधीच शिजलाय हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

मी मात्र हट्टाला पेटले होते. शिजलेलं असलं तरी वाढायच्या आधी ताट ओढता येतं. कपितानाला एका गोष्टीपुढं काही सुचत नाही, ती म्हणजे स्वतःची स्तुती. शेवटचा प्रश्न तोच विचारणार होता. त्याच्या उत्तरात असं काही लोणी लावायचं की पुतण्याला विसरून गडी विरघळला पाहिजे.

अडचण एकच, तुतायचं तोंड. मागल्या वर्षी तिला विचारलं, "जगात शांतता कशानं नांदेल?" तर म्हणाली, "शेजाऱ्याचा कोंबडा मेला की." लोकांनी शिट्ट्या मारल्या, परीक्षकांनी भोपळा दिला.

म्हणून मी तिला जपान केलं. आमच्यात रीतच आहे, दूरचा देश झालीस तर उत्तर त्या देशाच्या भाषेत दे आणि शेजारी दुभाषी उभी कर. भाषा कुणालाच येत नाही. पोरगी तोंडाला येईल ते बरळते, दुभाषी त्याचा गंभीर चेहऱ्यानं अर्थ सांगते, आणि लोक पोट धरून हसतात. दुभाषी मी होणार होते.

"तू फक्त बरळायचं," मी तिला दहा वेळा बजावलं. "काय पाहिजे ते बरळ. मी माझं पाठ केलेलं म्हणणार. तुझ्या आईची शपथ आहे, मधे शहाणपणा करू नकोस."

"नाही करत गं. छप्पर माझं आहे ना?"

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आम्हा बेकींची एक बोली आहे. शब्द उलटेपालटे करायचे, मधे भलतंच काही घुसवायचं, शेपूट लावायचं. बाहेरच्या माणसाला ओ की ठो कळत नाही. पार्लरमध्ये गिऱ्हाइकासमोर गिऱ्हाइकाची निंदा करायला ह्यासारखी सोय नाही. कपितानाची बायको कोन्सिंगताई दर शनिवारी माझ्याकडे केस धुवायला यायची. अकरा वर्षं. डोळे मिटून खुर्चीत पडून राहायची, आणि आम्ही तिच्या डोक्यावर उभं राहून सगळ्या जगाचा निकाल लावायचो. कुणाचा नवरा, कुणाची सासू, कुणाच्या अंगाचा वास. तिचीही गय केली नाही. तिच्या केसांना माझ्या पार्लरात 'पायपुसणं' म्हणतात. ती शांतपणे म्हणायची, "ओपिंग, पाणी जरा कोमट कर," आणि आम्ही खिदळायचो.

स्पर्धा भर दुपारी ठेवली, कारण वादळानंतर बास्केटबॉलच्या मैदानावरचे दिवे अजून लागले नव्हते. यादीच तयार होत असणार त्यांचीही. तीन वाजता ऊन असं की फ्रान्सच्या एका डोळ्याच्या खोट्या पापण्या गालावर उतरल्या. गादीचा फोम कापून आम्ही कुल्ले करतो, ते घामानं भिजून जड झाले आणि ब्राझीलचा डावा कुल्ला चालता चालता मांडीवर आला. भारत होती खाटकाची नोनॉय. पडदाच नेसली होती, आणि टिकली कपाळावर लावतात की हनुवटीवर ह्याचा शेवटपर्यंत निर्णय न झाल्यानं तिनं दोन लावल्या होत्या. मी काय, सगळ्यांना सावरत होते. चिकटपट्टी दातांत, पिना ओठांत.

तुताय मात्र शोभली हो. खोटं का बोला. टेबलक्लॉथचा किमोनो, केसांत भात खायच्या दोन काड्या, तोंडाला सफेदा. हिरड्या झाकायला मी तिला पंखा दिला होता. चालली तेव्हा मागच्या रांगेतल्या कोळणी उभ्या राहून ओरडल्या, "आली गं आली, आमची जपान आली!" तिची म्हातारी पहिल्या रांगेत, कुणीतरी दिलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, तोंडाला फडकं लावून खोकत होती आणि हसत होती.

शेवटी राहिल्या दोघी, व्हेनेझुएला आणि जपान.

व्हेनेझुएलाला कपितानानं विचारलं, "तुझा आदर्श कोण?" ती म्हणाली, "माझे काका." झालं. टाळ्या.

मग तो आमच्याकडे वळला. माईक हातात, मिशीवर हात, पोट टेबलाला टेकलेलं. शेजारी परीक्षक म्हणून कोन्सिंगताई, हातात कागदी पंखा.

"मिस जपान! वादळानं आपल्या कुलासीला सगळ्यात सुंदर अशी कोणती गोष्ट दिली?"

ह्याचं उत्तर 'एकी' असतं. सहा महिने प्रत्येक भाषणात तो 'एकी एकी' करत होता. शाळेतल्या पोरांनीसुद्धा सांगितलं असतं. मी घसा साफ केला. पण तुताय बरळेना. ती कपितानाकडे बघत राहिली. मग आईकडे बघितलं. सफेद्याखालून तिची मान लाल होत चाललेली मला दिसली.

"बरळ," मी दातांतल्या दातांत म्हटलं.

तिनं पंखा मिटला. आणि बोलली. आमच्या बोलीत बोलली, वर जपानचं शेपूट लावून. मूळ बोली सांगितली तर तुमच्या काही ध्यानात यायचं नाही, म्हणून तुमच्यासाठी जरा वळवून सांगते:

"मोशी मोशी, कपितामोतो! पत्राशी आलीका, पत्राशी गिरणीमोतो लपवाकी! आयाको खोकाखोकी, कपितामोतो ढापाढापी! नदीपाराशी बितूनयामा, ठेवलीको लुमिको! डुक्कुरामा पत्राशी, माणसामा ताडापत्री! हाय!"

आणि कमरेत वाकून नमस्कार केला.

स्टेजमागं फ्रान्सला ठसका लागला. भारत खाली बसली. लोक नुसत्या आवाजालाच हसत सुटले, पोरं "खोकाखोकी, खोकाखोकी" करायला लागली. कपितान सगळ्यात मोठ्यानं हसत होता. त्याला काय कळतंय!

आम्हाला मात्र सगळं कळलं. नदीपल्याड बितून वस्ती आहे, तिथं लुमिंग नावाची बाई त्यानं ठेवली आहे, हे आम्ही पार्लरात दोन वर्षं चघळत होतो. पण सरकारी पत्रे तिथल्या डुकरांच्या गोठ्यावर चढलेत, हे मला नवं होतं. तुताय नखं रंगवायची टोपली घेऊन वस्त्या फिरते, तिनं ते कधीतरी पाहिलं असणार आणि गिळून ठेवलं असणार.

मी काय केलं? मी माझं पाठ केलेलं म्हटलं. हात छातीवर ठेवून, आवाजात कंप आणून: "मिस जपान म्हणते, वादळानं आम्हाला एकी दिली. वादळानं आमची छपरं नेली, पण त्या बदल्यात एक मोठं छप्पर दिलं, जे कधी उडणार नाही, कधी गळणार नाही. त्या छपराचं नाव कपितान देन्सियो!"

मैदान दणाणलं. कपितानानं खरोखर डोळे पुसले. मला माझीच किळस आली, पण वीस पत्रे डोळ्यांपुढं दिसत होते आणि म्हटलं, ओपिंग, किळस घरी गेल्यावर धुऊन टाक.

तेवढ्यात कोन्सिंगताईनं नवऱ्याच्या हातून माईक घेतला.

"दुभाषीबाई, तुमचं थोडं राहिलं."

"नाही ताई, एवढंच म्हणाली."

"ती बितूनबद्दल काहीतरी बोलली."

"ते... ते जपानी आहे ताई. बितून म्हणजे त्यांच्यात... चेरीचं फूल."

"असं? आणि डुक्कुरामा?"

"डुक्कुरामा म्हणजे... आदर."

लोक अजून हसत होते. त्यांना वाटलं, हे सगळं ठरवलेलंच आहे. कोन्सिंगताई हसत नव्हती. तिनं माईक तोंडाजवळ घेतला आणि आमच्या बोलीत, एक शब्द इकडचा तिकडं न होता, आमच्याच हेलात म्हणाली, "अगं भवाने, अकरा वर्षं तुझ्या खुर्चीत बसतेय. पायपुसणं कुणाचं ते कळत नाही होय मला?"

पायाखालची फळी सरकली माझ्या. अकरा वर्षं! शनिवारामागून शनिवार सगळे डोळ्यांसमोरून गेले. तिच्या केसांबद्दल. तिच्या आईच्या मढ्यावरच्या मेकअपबद्दल. देवा रे, तिच्या झोपायच्या खोलीबद्दल सुद्धा! एक बाई डोळे मिटून पडली आहे म्हणजे तिचे कान पण मिटलेत, असं समजणाऱ्या आम्ही शहाण्या. आणि ती लुमिंगचं दोन वर्षं ऐकत होती आणि पाणी कोमट करायला सांगत होती.

मग तिनं साध्या भाषेत, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "नीट सांग ओपिंग. जपान काय म्हणाली?"

मी तुतायकडे बघितलं. सांगितलं तर पत्रे गेले. कपितान तिला पत्रा सोडा, खिळा द्यायचा नाही. नाही सांगितलं तर कोन्सिंगताईचे गुण गेले, आणि माझं थोबाडही गेलं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे मी, साठीला टेकलेली बया, पायांत पाच इंची टाचा.

"सांग मम्मी," तुताय साध्या आवाजात म्हणाली. "माझंच आहे ना? मग माझं नीट सांग."

मी सांगितलं. सगळं. पत्रे आले, गिरणीत लपवले, म्हातारी खोकतेय, कपितान ढापतोय. बितूनला बाई ठेवली आहे, तिच्या गोठ्यातल्या डुकरांवर सरकारी पत्रे आहेत आणि कुलासीतल्या माणसांवर ताडपत्री. बोलताना माझा आवाज चिरकला, नाटकाचा नाही, खराच.

पोरांची 'खोकाखोकी' थांबली. मला वाटलं, आता उठतील. ज्यांची छपरं गेली ते चाळीस घरांतले लोक समोरच बसले होते. आता एखादा तरी बाप्या उठेल, म्हणेल, काय हो कपितान?

कपितान एकदम टाळ्या वाजवत उठला. "वा! वा! काय विनोद, काय विनोद! ह्या बेकी नसत्या तर आपण हसलो असतो कधी?"

आणि लोक हसले. काय हसले हो! सुटकेचं हसले. नोनॉयचा बाप, ज्याच्या स्वतःच्या घरावर अजून नारळाच्या झावळ्या आहेत, तो मांडीवर थापा मारून हसला. "काहीही बोलतात ह्या!" म्हणाला. मला रडू फुटलं, ते लपवत नाही. ओठांवर लाली लावून बोललेलं कुणी खरं धरत नाही. आमच्या तोंडून आग लागली म्हटलं तरी लोक म्हणतील, परत म्हण, परत म्हण.

कोन्सिंगताईनं माईक टेबलावर ठेवला, पंखा मिटला आणि घरी निघून गेली.

मुकुट व्हेनेझुएलाला. वीस पत्रे उद्या सकाळी गिरणीवरून घेऊन जा, असं कपितानानं जाहीर केलं. जपानला 'गोड स्वभावाची सुंदरी' हा किताब आणि एक कपडे धुवायचा साबण.

स्टेजमागं तुताय फोम काढत होती. "साबण चांगल्या कंपनीचा आहे," म्हणाली.

"तुताय, मी पहिल्यांदाच नीट सांगायला हवं होतं गं."

"जाऊ दे. तू नुसती भित्री आहेस, वाईट नाहीस." असं म्हणून तिनं माझ्या खोट्या पापण्या उपटून दिल्या. मला त्या बोलण्याचा राग आला, कारण ते बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता गिरणीचं दार सताड उघडं. कपितान पहाटेच 'मीटिंगला' म्हणून तालुक्याला पळालेला. दारात खुर्ची टाकून कोन्सिंगताई, गिरणीवाल्याची लेक, मांडीवर वही. यादी नोव्हेंबरातच तयार झाली होती, तारखेसकट. ती एकेक नाव वाचत होती आणि गिरणीचे गडी वीस वीस पत्रे बाहेर आणून टाकत होते. बातमी वाऱ्यासारखी पसरली. काल हसलेले सगळे रांगेत उभे. हातगाड्या घेऊन आलेले. नोनॉयचा बाप सगळ्यांत पुढं. तुतायला बघून म्हणाला, "काल काय मजा आणली हं तू!" आणि स्वतःचे पत्रे घेऊन गेला. एकाच्याही तोंडून दुसरा शब्द फुटला नाही.

व्हेनेझुएला मुकुट घालूनच आली होती. "काकू, माझे बक्षिसाचे?"

"तुझ्या घराचं छप्पर जागेवर आहे ना? मग मुकुट घाल आणि गप बस. तेवढा भाग भिजणार नाही."

तुतायचं नाव शेवटी आलं, तेव्हा गिरणीत उंदीर पळताना दिसत होते. कोन्सिंगताईनं वही मिटली.

"तुझे वीस बितूनला आहेत. जिनं पाहिले तिनंच आणावेत."

बघा बाईचा कावा. नवऱ्याला धडा शिकवायचा, पण नखं मोडायची आमची! मी तोंड उघडणार होते, तर म्हणाली, "आणि ओपिंग, शनिवारी येईन. पाणी कोमट ठेव." मी तोंड मिटलं.

आम्ही सहा जणी होडीनं गेलो. तुताय, मी, फ्रान्स, ब्राझील, भारत, आणि व्हेनेझुएलासुद्धा. काकूवर रुसून आमच्यात आली होती, मुकुट काढायला तयार नव्हती. चार हातोड्या, एक पहार. वाटेत आम्ही लुमिंगला काय काय बोलायचं ते ठरवलं. मी तर तीन शिव्या खास तिच्यासाठी जुळवून ठेवल्या होत्या, इथं सांगण्यासारख्या नाहीत.

गोठा सापडायला वेळ लागला नाही. नवा कोरा, चमकणारा, वरून कपितान वीस ठिकाणी हसतोय. खाली सात डुकरं सावलीत निवांत पडलेली. तुताय भराभरा वर चढली आणि पहिला खिळा उपटला. आवाज ऐकून शेजारच्या घरातून बाई बाहेर आली.

मला वाटलं होतं, रंगवलेलं तोंड, सोन्याच्या बांगड्या. ही काडीसारखी, कमरेवर पोर, दुसरं झग्याला धरून. आणि ती ज्या घरातून आली त्याच्यावर ताडपत्री. निळी, फाटकी, तुतायची होती तशीच.

"न्या," लुमिंग म्हणाली. "माझे नाहीत ते. डुकरं पण माझी नाहीत. त्याची आहेत, निवडणुकीच्या जेवणाला."

"आणि तुझ्या घरावर?" तुतायनं वरून विचारलं.

"म्हणाला, निवडून आलो की बघू."

माझ्या तीन शिव्या तोंडातच राहिल्या. दुसरीकडं वापरायच्या म्हणून गिळल्या. तुताय गोठ्यावर उकिडवी बसली, हातोडा मांडीवर. त्या घराकडे बघितलं. मग आमच्या बोलीत असं काही बोलली की डुकरंसुद्धा उठून उभी राहिली.

आम्ही वीसच्या वीस पत्रे उतरवले. ब्राझीलचा अंगठा चेचला, व्हेनेझुएलानं सगळ्यात जास्त खिळे काढले आणि ते दहा वेळा बोलून दाखवलं. शेवटचा पत्रा खाली आला तेव्हा तुताय म्हणाली, "दहा होडीत टाका."

"दहाच?" मी किंचाळले. "अगं मेले, वेड लागलं का तुला? घर आहे केवढं, दहानं अर्धं तरी झाकेल का?"

"आईच्या खाटेवर येतात. खाट मी मोजली आहे."

"आणि तू?"

"मी काय, कोपऱ्यात उभी राहीन. मला टाचांवर उभं राहायची सवय आहे."

मी आणखी काही बोलणार होते, पण लुमिंगच आधी रडायला लागली. "नको, नको. ठेवू नका इथं. तो आला आणि माझ्या घरावर पत्रे बघितले तर मला मारेल. काय सांगू त्याला, कुणी दिले?"

तुतायनं उरलेल्या दहा पत्र्यांतल्या एकावरचा कपितानाचा फोटो नखानं खरवडून काढला, हातोडा कमरेला खोचून लुमिंगच्या घराच्या भिंतीला शिडी लावली, आणि तो पत्रा डोक्यावर घेतला.

"सांग, जपाननं पाठवले," ती म्हणाली, आणि वर चढली.